दोन ओळींची चिठ्ठी



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते बालरोगतज्ज्ञ होते आणि मी रेडिओलॉजीची. आमची ओळख झाली ती एका चिठ्ठीवरून. मी नुकती शिकायला लागले होते. वॉर्डांतून एक्स-रेच्या चिठ्ठ्या यायच्या. त्यांवर मुलाचं नाव, वय आणि पुढे 'छाती' किंवा 'पोट' एवढा एकच शब्द. सरांच्या चिठ्ठीवर मात्र खाली आणखी दोन ओळी असायच्या. पहिल्या ओळीत, फोटोत अमुक दिसलं तर मी काय करणार. दुसऱ्या ओळीत, काहीच दिसलं नाही तर काय करणार. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, या ओळी आम्हाला कशासाठी?" ते म्हणाले, "तुम्हाला नाहीत, मला आहेत. दोन्ही ओळींत एकच उपाय लिहावा लागला, तर मी चिठ्ठी फाडून टाकतो."

मुलांच्या तपासण्या कधी कराव्यात, कोणती आधी करावी आणि कधी मुळीच करू नये, याचे लेखी नियम गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर तयार झाले. त्यांना डॉक्टर मंडळी 'गाइडलाइन' आणि 'पाथवे' म्हणतात. आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे. सरांच्या त्या दोन ओळी ही एका माणसाची सवय होती. सर रजेवर गेले की ती सवयही रजेवर जायची. रात्री दोन वाजता, सर नसताना, पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटच्या हातात त्या ओळी कशा पोचवायच्या, हा खरा प्रश्न आहे.

माझी स्वतःची एक चूक आधी सांगते. शिकत असतानाची रात्र. चौदा महिन्यांचं बाळ दिवाणावरून पडलं होतं. कपाळावर मोठं टेंगूळ. बाळ आईच्या कडेवर बसून माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी ओढत होतं. आजीच्या डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. वडील म्हणाले, "करूनच टाका स्कॅन, जिवाला घोर नको." ड्यूटीवरचा डॉक्टर माझ्याच वयाचा. त्यानं चिठ्ठी लिहिली, मी स्कॅन केला. बाळ स्वस्थ राहीना, म्हणून त्याला गुंगीचं औषधही द्यावं लागलं. काही निघालं नाही. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही वाटलं.

सकाळी सरांनी चिठ्ठी पाहिली. "दिवाण केवढा उंच होता?" कुणी विचारलंच नव्हतं. "आई काय म्हणत होती? बाळ रोजच्यासारखं वागत होतं का?" तेही कुणी विचारलं नव्हतं. सर एवढं विचारून राउंडला निघून गेले. मला वाटलं, हा त्यांचा स्वभाव. त्या दोन प्रश्नांना केवढं बळ आहे, ते मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

२००९ साली 'द लॅन्सेट'मध्ये उत्तर अमेरिकेतल्या 'पेकार्न' या संशोधनजाळ्याचा एक अभ्यास छापून आला. नेथन कुपरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत, डोक्याला मार लागून आलेल्या पण शुद्धीवर असलेल्या, ४२,४१२ मुलांची नोंद ठेवली. प्रत्येक मुलाला डॉक्टरनं हातानं तपासून, कागदावर उत्तरं लिहून, मग पुढे काय झालं ते पाहिलं. यांतल्या सुमारे ३५ टक्के मुलांचा सिटी स्कॅन झाला होता. मेंदूला खरोखर धोक्याची इजा निघाली ३७६ मुलांना, म्हणजे शंभरात एकापेक्षाही कमी. मेंदूची शस्त्रक्रिया लागली ती ६० जणांना.

त्या कागदांतून त्यांनी दोन वर्षांखालच्या मुलांसाठी सहा प्रश्न शोधून काढले. मूल सुस्त किंवा चिडचिडं, भानावर नसल्यासारखं आहे का? कपाळ सोडून डोक्यावर इतरत्र टेंगूळ आहे का? पाच सेकंद किंवा जास्त बेशुद्ध होतं का? मार जोराचा होता का, म्हणजे उदाहरणार्थ तीन फुटांपेक्षा उंचावरून पडलं का? कवटी फुटल्याचं हाताला लागतं का? आणि सहावा प्रश्न: आईवडिलांच्या मते मूल नेहमीसारखं वागत नाही का?

हा सहावा प्रश्न मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्याच ओळीवर थांबले. हजारो मुलांच्या हिशेबातून, सगळी गणितं करून, जे सहा प्रश्न उरले, त्यांत आईचं मत आहे. 'आईला उगाच काळजी वाटते' असं म्हणून आपण जे झटकून टाकतो, ते कवटी फुटण्याच्या शेजारी नोंदलं गेलं.

सहाही प्रश्नांना 'नाही' असं उत्तर आलं, तर त्या लहान बाळाला धोक्याची इजा असण्याची शक्यता दहा हजारांत दोनाहूनही कमी. नियम तयार झाल्यावर तो वेगळ्या ८,६२७ मुलांवर पडताळून पाहिला गेला. त्यांतल्या दोन वर्षांखालच्या, 'नाही'वाल्या १,१७६ मुलांपैकी एकालाही अशी इजा निघाली नाही. दोन वर्षांवरच्या मुलांसाठी प्रश्न थोडे वेगळे आहेत: उलट्या, जोराची डोकेदुखी, कितीही थोडा वेळ बेशुद्धी, कवटीच्या तळाला इजा झाल्याच्या खुणा, आणि उंची पाच फुटांची. तिथे ३,८०० मुलांपैकी दोघांची इजा नियमातून निसटली. शस्त्रक्रिया दोघांपैकी कुणालाच लागली नाही. या पडताळणीत ज्या लहान बाळांचे स्कॅन झाले होते, त्यांतली जवळजवळ पाव बाळं या 'काहीच नको' गटातली होती. माझं ते दोरी ओढणारं बाळ बहुधा अशाच पाव भागातलं. टेंगूळ कपाळावर, दिवाण फार तर दीड फुटाचा, बाळ खेळत होतं.

आता कुणी विचारेल, एवढं काय बिघडलं? एक स्कॅन झाला तर झाला.

इथे मला जपून बोलायचं आहे, कारण अर्धवट भीतीही मुलांना मारक ठरते. मुलांच्या वाढत्या पेशींवर किरणांचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो, आणि तो दिसून यायला त्यांच्यापुढे सगळं आयुष्य पडलेलं असतं. ॲलिस स्टुअर्ट या इंग्लंडमधल्या डॉक्टर बाईंनी १९५६ सालीच दाखवलं होतं, की गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या आयांच्या मुलांत कर्करोग जास्त आढळतो. त्यांचं म्हणणं मानायला वैद्यकानं फार वर्षं लावली. २०१२ साली ब्रिटनमधल्या सुमारे १,८०,००० तरुण रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, की बालपणी डोक्याचे दोन-तीन स्कॅन होतील एवढे किरण मेंदूला मिळाले, तर मेंदूच्या गाठीचा धोका सुमारे तिप्पट होतो. 'तिप्पट' ऐकून दचकू नका. मुळात हा आजार दुर्मिळ, त्याची तिप्पटही लहानच. त्याच अभ्यासाचा हिशेब असा: दहा वर्षांखालच्या १०,००० मुलांचा डोक्याचा स्कॅन केला, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक रुग्ण जास्त. २०२३ साली युरोपातल्या नऊ देशांच्या मिळून झालेल्या अभ्यासानंही रक्ताच्या कर्करोगांबाबत याच्या जवळपासचंच उत्तर दिलं.

म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवा. ज्या मुलाच्या सहाही प्रश्नांना 'नाही' आहे, त्याला स्कॅनचा फायदा जवळजवळ शून्य, म्हणून तो छोटा धोकाही घ्यायचं कारण नाही. ज्या मुलाचं भान हरपलंय किंवा कवटी फुटलीय, त्या गटात शंभरातल्या चारपेक्षा जास्त मुलांना धोक्याची इजा असते. तिथे एक मिनिट न दवडता स्कॅन. 'किरणांनी कर्करोग होतो' असं कुठेतरी वाचून अशा वेळी मुलाला घरी घेऊन जाणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांना मी हात जोडून थांबवलं आहे.

आणि यांच्या मधला गट? एखादंच लक्षण असलेल्या, पण बऱ्या दिसणाऱ्या मुलांचा. तिथे तो नियम म्हणतो, बहुतेकदा लक्ष ठेवा. मार लागल्यापासून चार ते सहा तास. मूल पाहत बसा. याला मी उपचार म्हणते. पण आपल्याकडे पाहत बसण्याला 'काहीच केलं नाही' म्हणतात आणि यंत्राला 'सगळं केलं' म्हणतात.

डोकं सोडून थोडं छातीकडे येते. पावसाळ्यात आणि थंडीत सहा-आठ महिन्यांची बाळं सर्दी, घरघर आणि धाप घेऊन येतात. "पोट उडतंय हो," असं आई म्हणते. बहुतेकांना विषाणूंमुळे होणारा ब्रॉन्किओलायटिस असतो. टोरंटोच्या बालरुग्णालयात अशा २६५ बाळांचे एक्स-रे काढून पाहिले. निदान बदलावं असं काही दिसलं ते फक्त दोघांत. पण एक्स-रेच्या आधी ७ बाळांना अँटिबायोटिक द्यावं असं डॉक्टरांना वाटत होतं, फोटो पाहिल्यावर ३९ बाळांना द्यावंसं वाटलं. फोटोतली एखादी धूसर रेघ दिसली की हात औषधाकडे जातो. मी स्वतः अशा किती रेघांवर 'न्यूमोनिया असू शकेल' असं लिहिलं असेल, कोण जाणे. आमच्या अहवालातला तो एक शब्द खाली वॉर्डात सात दिवसांची इंजेक्शनं होऊन उतरतो. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेनं म्हणूनच सांगितलं, की या आजारात नेहमीचा म्हणून एक्स-रे काढू नका.

हे सगळं अमेरिका-कॅनडातून आलेलं शहाणपण आहे, असा समज व्हायला नको. कागदावरच्या एका साध्या नियमानं मुलांचे जीव वाचतात, हे फार आधी गडचिरोलीत सिद्ध झालं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या गावांत न्यूमोनियाचं निदान सुईणींच्या आणि गावातल्या आरोग्यसेवकांच्या हातात दिलं. श्वास मोजायचे. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत ५०, आणि वर्षानंतर ४०, हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आज आशाताईंनाही पाठ असतात. ज्या सुईणींना इतकं मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी मण्यांचं एक साधं मोजणीयंत्र बनवलं गेलं. बाळांचे मृत्यू घटले, आणि १९९० साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तिथे एक्स-रे यंत्र नव्हतं. नियम होता, आणि तो पाळणारी, बाळाशेजारी बसलेली बाई होती. हा पाथवेच होता, फक्त त्याला ते नाव नव्हतं.

गाइडलाइन आणि पाथवे यांत फरक आहे, तो इथे सांगते. 'पोटात उजवीकडे दुखत असेल आणि अपेंडिक्सचा संशय असेल, तर मुलाची आधी सोनोग्राफी करा', ही गाइडलाइन. वाक्य उत्तम. पण रात्री अकरा वाजता तुमच्या रुग्णालयात सोनोग्राफी करणारं कोण आहे? कुणी नाही. सिटी स्कॅनचा तंत्रज्ञ मात्र चोवीस तास असतो. मग त्या उत्तम वाक्याचं काय होतं, तुम्हीच सांगा. पाथवे हा त्या एका इमारतीसाठी लिहिलेला असतो. दुखणं कमी करायचं औषध कोण देणार, सलाइन कधी लावायचं, सर्जननं कधी हात लावून पाहायचं, लक्षणांना दिलेले गुण किती झाले की शस्त्रक्रिया आणि किती कमी असतील तर घरी, मधल्यांना रात्रभर ठेवून सकाळी सातला सोनोग्राफी कोण करणार, आणि त्यातूनही कळलं नाही तर मगच स्कॅन, तोही एकदाच, फोटो उठून दिसण्याचं औषध देण्याआधी आणि नंतर असा दोनदा नाही. हे सगळं नावानिशी आणि वेळेनिशी.

ही कल्पना मुळात कारखान्यांतून आली. १९५७ च्या सुमारास ड्यूपॉन्ट कंपनीनं रसायनांचे कारखाने उभारण्याचं वेळापत्रक आखायला 'क्रिटिकल पाथ' नावाची पद्धत वापरली. कुठलं काम अडलं की सगळंच अडतं, ते शोधायचं. १९८० च्या दशकात बोस्टनच्या न्यू इंग्लंड मेडिकल सेंटरमध्ये कॅरन झँडर यांनी ती रुग्णाच्या खाटेपाशी आणली. झँडर परिचारिका होत्या, आणि मला यात काहीच नवल वाटत नाही. कुठल्या टप्प्यावर रुग्ण ताटकळतो, हे वॉर्डात परिचारिकेइतकं कुणालाच माहीत नसतं. आपल्याकडे असे कागद करायला बसतात तेव्हा टेबलाभोवती फक्त डॉक्टर असतात. सिस्टरना बोलवा. स्कॅनच्या तंत्रज्ञाला बोलवा. स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांनाही बोलवा.

नुसता कागद भिंतीला चिकटवूनही भागत नाही. बोस्टनच्या बालरुग्णालयात डोक्याच्या मारासाठी पाथवे लावल्यावर स्कॅनचं प्रमाण उतरलं, आणि मग प्रत्येक डॉक्टरला त्याचा स्वतःचा आकडा दाखवायला सुरुवात केल्यावर ते आणखी उतरलं. कुणावर कारवाई नाही, ओरडा नाही. आपण किती स्कॅन सांगतो, ते आपल्यालाच ठाऊक नसतं.

यंत्राची बाजूही तितकीच महत्त्वाची. २००१ साली अमेरिकेत उघड झालं, की कित्येक ठिकाणी लहान मुलांचे स्कॅन मोठ्या माणसांच्याच किरणमात्रेनं होत होते. बटण बदलायचं राहून जायचं, इतकं साधं. त्यानंतर मर्लिन गॉस्की यांच्या पुढाकारानं २००८ साली 'इमेज जेंटली' ही मोहीम सुरू झाली: गरज असेल तरच, हवा तेवढाच भाग, एकदाच, आणि मुलाच्या आकाराला साजेल एवढीच मात्रा. आपल्या देशात सिटी आणि एक्स-रे यंत्रांना परवाना देणारं अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईतच, अणुशक्तीनगरात आहे. भिंतीची जाडी, यंत्राची तपासणी, कर्मचाऱ्यांच्या छातीवरचा बॅज हे सगळं ते पाहतं. पण या मुलाला हा स्कॅन हवा होता का, हे कुठलंही मंडळ बाहेरून पाहू शकत नाही. ते चिठ्ठी लिहिणाऱ्यानंच पाहायचं. एमआरआयला किरण नसतात, हे खरं, पण लहान मुलाला त्यासाठी गुंगी द्यावी लागते. तान्ह्या बाळांसाठी त्यावर एक सुंदर तोड आहे. आईनं पोटभर पाजायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, कान झाकायचे आणि झोपलं की आत न्यायचं. त्यासाठी यंत्राची वेळ बाळाच्या भुकेप्रमाणे ठरवावी लागते. हेही कुणीतरी कागदावर लिहून ठेवलं तरच होतं.

गाइडलाइन चुकतातही, आणि हे मी लपवणार नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या नियमानं सांगितलं होतं, की तापासह लघवीचा जंतुसंसर्ग झालेल्या प्रत्येक लहान बाळाची, लघवीच्या जागी नळी घालून औषध भरून, एक्स-रेखाली तपासणी करा. आम्ही ती केली. टेबलावर धरून ठेवलेली, आकांत करणारी ती बाळं आणि दाराबाहेर रडणाऱ्या आया मला अजून आठवतात. २०११ साली तोच नियम बदलला: पहिल्या वेळी सोनोग्राफी पुरे, ही तपासणी सरसकट नको. एवढ्या मुलांना ते सोसायला लावलं, याचं मला दुःख आहे. पण नियम लिहिलेला होता, म्हणूनच तो तपासता आला आणि बदलता आला. ज्याच्या त्याच्या मनातली सवय कोण तपासणार?

तसंच, परदेशातला कागद इथे जसाच्या तसा चालत नाही. मुलावर चार-सहा तास लक्ष ठेवून घरी पाठवा म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढचं घर रुग्णालयापासून पंधरा मिनिटांवर असतं. घाट उतरून, शेवटची एसटी चुकवून आलेल्या आईला 'काही वाटलं तर परत या' असं सांगून घरी पाठवणं म्हणजे जबाबदारी टाळणं. तिला ठेवून घ्यायला हवं. सांगितलेली हकीकत आणि इजा जुळत नसतील, मुलाला कुणी मारलं असल्याचा संशय असेल, तिथे हे सहा प्रश्न लागूच होत नाहीत. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाबाबत अनुभवी डॉक्टरचा हात कुठल्याही कागदापेक्षा आधी.

आणखी एक भीती बोलून दाखवायला हवी. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेव्हापासून अनेक तरुण डॉक्टर स्कॅन सांगतात ते मुलासाठी नाही, उद्याच्या नोटिशीसाठी. मी त्यांना दोष देत नाही. पण माझं मत स्पष्ट आहे: 'सहाही प्रश्न विचारले, उत्तरं अशी, आईशी बोललो, अमुक वाजेपर्यंत लक्ष ठेवलं', अशी सही-वेळेसह नोंद ही त्या डॉक्टरचं, आणि मुलाचंही, एका निष्कारण स्कॅनपेक्षा जास्त संरक्षण करते. थांबणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी वरिष्ठांनी उभं राहायला हवं. सर उभे राहायचे.

आज या सभागृहात काही रुग्णालयांचे विश्वस्त बसले आहेत. त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्या कॅज्युअल्टीशेजारी एक खोली द्या. तिथे मुलाला निजवता येईल अशी खाट, आईला बसायला पाठ टेकता येईल अशी खुर्ची, भिंतीवर घड्याळ, आणि दर अर्ध्या तासानं येऊन मुलाला पाहून कागदावर लिहिणारी एक सिस्टर. स्कॅनच्या यंत्राच्या किमतीपुढे याचा खर्च काहीच नाही. आणि ज्या आईबाबांना उद्या-परवा रात्री मूल घेऊन धावत यावं लागेल, त्यांना एवढंच सांगते: डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, मूल किती उंचावरून पडलं आणि ते रोजच्यासारखं वागतंय की नाही.